मुंबईत दावा, इथं नगा

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मी शाळेच्या पटांगणात पडद्याच्या दोऱ्या ताणून घेत होते, अर्ध्या तासात उद्घाटन, माइकवाला आवाज तपासत होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. विडी वळणाऱ्या मावशींचा फोन, नातवाच्या मोबाइलवरून. त्यांच्यावरची फिल्म आम्ही रविवारी दाखवणार होतो. "ताई, ते रविवारचं माजं हाय न्हवं, ते मुंबईत दावा, बंगळूरला दावा, इथं दावू नगासा." एवढंच बोलल्या. मी काही विचारायच्या आत कट झाला, परत लावला तर स्विच ऑफ.

2025 चा जानेवारी, संक्रांत होऊन दोनतीन दिवस झालेले, सीमेवरच्या, कर्नाटकातल्या निपाणीतल्या आमच्या माहितीपट महोत्सवाचं तिसरं वर्ष. पुढचे दोन दिवस काय काय झालं ते सगळं इथं मांडून ठेवतेय कारण गावोगावी असे छोटे महोत्सव आता होतायत आणि हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडणारच आहे. फिल्मचं नाव, मावशींचं नाव, गल्ली, ठेकेदार, यातलं काहीच लिहिणार नाही आणि काही खुणा मुद्दाम बदलल्यात. का ते पुढं कळेल.

आधी आम्ही कोण ते सांगते. दहाबारा जण आहोत, कुणी कॉलेजात शिकवतं, एकजण बसमध्ये कंडक्टर, एकजण लाइटफिटिंगची कामं करतो, एक वकील, दोघी मुली ज्यांच्या आया आजही विड्या वळतात. निपाणीत सामाजिक न्यायाच्या फिल्म दाखवायच्या म्हटलं की बाहेरच्या लोकांना वाटतं हे मुंबई-पुण्याचं खूळ इथं कशाला, पण या गावाचा इतिहास बघा ना. 1925 साली बाबासाहेब इथं आले होते, मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषदेचं अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली निपाणीत झालं. 1981 ला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवून धरला आणि त्या आंदोलनात गोळीबार होऊन माणसं गेली, ते आजही इथल्या घराघरात निघतं. आणि त्याच सुमाराला तंबाखूच्या वखारीतल्या बाया संघटित झाल्या, हजारोंनी, ज्यांना तोवर पगार किती, सुट्टी कधी, हे विचारायचीसुद्धा चोरी होती.

त्या बायांवर एक फिल्म आहे, ती आमच्या महोत्सवाचं मूळ आहे म्हणून सांगावीच लागेल. 'तंबाकू चाकिला ऊब आली', 1982 ची, युगांतर नावाच्या बायकांच्या फिल्म-गटानं केलेली, दीपा धनराज त्यात होत्या. 25 मिनिटांची आहे. वखारीतली धूळ, चाळण्या, तोंडाला बांधलेले पदर आणि मग त्याच बाया मीटिंगमध्ये बसून बोलतायत. त्या गटानं नुसतं येऊन शूटिंग करून गाडी धरली नाही, बायांबरोबर बसून, त्यांच्याशी बोलून, काय दाखवायचं कसं दाखवायचं ते ठरवत केलं. पहिल्या वर्षी आम्ही ती लावली तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या फिल्म बघतच नव्हत्या, एकमेकींना कोपरानं ढोसून ही अमकीची सासू, ती तमकीची थोरली जाऊ असं चाललेलं, आवाज इतका वाढला की फिल्मचं ऐकू येईना आणि आम्ही कुणीच त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. तेव्हापासून दरवर्षी शुक्रवारी संध्याकाळी पहिली तीच लागते.

जानेवारी का, तर 1 नोव्हेंबरच्या आसपास इथं काही करायचं म्हणजे एकीकडं कर्नाटक राज्योत्सव आणि दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिन, डिसेंबरात बेळगावला सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, सगळा बंदोबस्त तिकडं, परवानगीच्या अर्जाकडं बघायला पोलिसांना वेळ नसतो. 2022 च्या डिसेंबरात सीमाप्रश्नावरून दगडफेक होऊन दोन्हीकडच्या बसगाड्या बंद पडल्या तेव्हा आम्ही पहिल्या महोत्सवाच्या तयारीत होतो आणि कोल्हापूरहून भाड्यानं यायचा प्रोजेक्टर सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं येईल का याची खात्री नव्हती. तेव्हापासून प्रोजेक्टर गावातलाच बघतो. बॅनर आधी कन्नडमध्ये मोठा, खाली मराठीत, 2024 पासून पाट्यांवर 60 टक्के कन्नडचा नियम आहे, तो आपल्या बॅनरला लागतो का नाही यावर वाद घालण्यापेक्षा तसंच करून टाकलं. आणि तसंही आमच्या प्रेक्षकांत कन्नड बोलणाऱ्या बाया कमी नाहीत. सबटायटल निम्म्या जणींना वाचता येत नाहीत, म्हणून फिल्म चालू असताना एक मुलगी माइकवरून कन्नडमध्ये नाहीतर मराठीत सांगत जाते, जशी फिल्म असेल तसं. ती मुलगी नसेल तर आमचा महोत्सव होऊच शकत नाही.

आता कागदाचा भाग, कारण त्यानं पुढं अडचण केली. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणं जाहीर दाखवायच्या फिल्मला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं. पोरांनी स्वतःच्या पैशानं केलेल्या माहितीपटांना ते कुठून असणार? मग कलम 9 खाली सूट मिळते, ती केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून घ्यायची, फिल्मची यादी, प्रत्येकीचा सारांश, सगळं आधी पाठवायचं. प्रेक्षक नोंदवलेले पाहिजेत म्हणून आम्ही गेटवर वही ठेवतो, नाव लिहायचं, पास घ्यायचा, आत बसायचं. यादी एकदा मंजूर झाली की ती झाली. त्यातली एखादी फिल्म दाखवली नाही तर काही बिघडत नाही, पण ऐनवेळी यादीबाहेरची घालता येत नाही. म्हणजे रविवारची मावशींची फिल्म काढली तर संध्याकाळची सगळ्यात महत्त्वाची चाळीस मिनिटं मोकळी.

ती फिल्म दोघा पोरांनी केलेली, एक इथलाच, दुसरा त्याचा मुंबईचा क्लासमेट. आठेक महिने मावशींच्या घरी येऊन-जाऊन होते. अख्खी फिल्म एका ओसरीवर आहे, मांडीवर सूप, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्रीनं कर्रकन कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांची एक गिरकी, नखानं तोंड दाबून दोरा. बोलता बोलता मावशी छाटीवर येतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ठेकेदार पान-तंबाखू देतो, बाई घरी विड्या वळून हजाराच्या हिशोबानं परत देते, त्यातल्या ज्या त्याला पसंत पडत नाहीत त्या छाट, त्याचे पैसे नाहीत. मावशी कॅमेऱ्याकडं न बघता म्हणतात, छाट म्हणून बाजूला काढलेल्या विड्या आमाला परत का देत न्हाईत मग, त्या जात्यात कुठं? पुढं हेही सांगतात की कामाची नोंद होते त्या पासबुकावर नाव एकीचं आणि वळणाऱ्या तिघी. हे सगळं विडीच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असलेलं आहे. 1966 चा विडी-सिगार कामगारांचा कायदा झाला तेव्हाही घरी बसून वळणाऱ्या बायांचं आणि छाटीच्या भांडणांचं त्यात यावं लागलं, इतका जुना हा विषय. पण माहीत असणं वेगळं आणि तोंड दाखवून, नाव घेऊन बोलणं वेगळं.

मावशींनी सही केली होती. रिलीज फॉर्मवर. मी तो फॉर्म शनिवारी पहिल्यांदा नीट वाचला, इंग्रजीत, दीड पान, मुंबईच्या कुठल्यातरी नमुन्यावरून उचललेला. त्यात लिहिलेलं, जगभरात, कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी दाखवायचा हक्क. खाली मावशींची मराठीत सही, मोठी मोठी अक्षरं, आडनावाचं शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर गेलेलं. पोरांनी त्यांना काय लिहिलंय ते सांगितलं होतं, फसवलं वगैरे अजिबात नाही, मुंबईला दाखवणार, बंगळूरला दाखवणार, कदाचित परदेशात. मावशी हसून हो म्हणाल्या होत्या. पण त्या जगभरात आपली गल्लीपण येते हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पोरांच्या नव्हतं, आणि फिल्म निवडताना आमच्याही नव्हतं. आम्ही तर खूश होतो, निपाणीची फिल्म निपाणीत, मावशी स्वतः येतील, शेवटी त्यांना स्टेजवर बोलवू, शाल देऊ. त्यांना विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ही चूक आमची आहे, पोरांवर ढकलता येणार नाही.

शुक्रवारी रात्री पटांगण रिकामं झाल्यावर खुर्च्या रचता रचताच वाद सुरू झाला. कंडक्टर मित्राचं म्हणणं स्पष्ट, हा ठेकेदाराचा दबाव आहे, आज आपण झुकलो तर पुढच्या वर्षी साखर कारखानावाला फोन करेल, मग वाळूवाला, मग फेस्टिवल कशाला घ्यायचा, हळदीकुंकूच घ्या. वकिलानं त्याला जोड दिली, 1989 चा सुप्रीम कोर्टाचा रंगराजनचा निकाल सांगितला, की कुणी गोंधळ घालेल या भीतीनं फिल्म थांबवता येत नाही, लोकांना आवरणं सरकारचं काम. मलाही ते पटत होतं, फार पटत होतं, कारण या भागात कार्यक्रम रद्द करायला लावणं हा काही लोकांचा धंदाच झालाय आणि दरवेळी आपण माघार घेतो. मग विडीवाल्यांच्या घरातली एक मुलगी, जी एरवी मीटिंगमध्ये बोलतच नाही, ती म्हणाली, "सोमवारी मावशींचं पान बंद झालं तर सर तुम्ही देणार काय पान?" कुणीच काही बोललं नाही. थोड्या वेळानं वकीलच म्हणाला की तो निकाल सरकारसाठी आहे, जमावासाठी आहे, इथं तर जिची फिल्म तीच बाई नको म्हणतेय, दोन्हीत फरक आहे.

मधले रस्तेही निघाले. चेहरा धूसर करू? अहो त्या गल्लीत चेहऱ्यानं कोण ओळखतं, आवाजानं ओळखतात, ओसरीच्या फरशीवरनं ओळखतात, भिंतीला टांगलेल्या घड्याळावरनं ओळखतात. छाटीची चार मिनिटं कापू? ते आम्ही कापू शकत नाही, फिल्म पोरांची आहे, आणि ती चार मिनिटं काढली की मागं राहतं काय, एक बाई छान विड्या वळते, कॅलेंडरवर छापावी अशी. फक्त बायकांसाठी दाखवू? त्या बायकांत त्याच ठेकेदाराकडं विड्या देणाऱ्या वीस जणी असणार. रात्री पावणेबाराला ठरलं की आपण काहीच ठरवायचं नाही, सकाळी जाऊन मावशींना भेटायचं.

शनिवारी अकराच्या सुमारास गेलो, मी आणि ती मुलगी. सकाळी विड्या देऊन मावशी परत आलेल्या, लगेच पुढची पानं कापायला बसलेल्या, हात थांबतच नाहीत, आम्ही बसलो तरी थांबले नाहीत. हातात लाल काचेच्या बांगड्या, कात्री चालली की त्या मागं सरकायच्या आणि परत मनगटावर यायच्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं, नातवाची परीक्षा, ऊस तुटला का. मी विषय काढला, मावशी, काल तुम्ही फोन केला होता, काय झालं, कुणी काही बोललं का. मावशी म्हणाल्या, "कोण काय बोलतंय? कोन न्हाई." मग मी म्हटलं की दाखवू का नको ते तुम्हीच सांगा, तुम्ही म्हणाल तसं. तर म्हणाल्या, "आता तुमी इतक्या लांबनं आलासा, एवढं समदं मांडलासा, तुमचं तुमी बगा काय ते."

इथं मी चुकणार होते. मनातल्या मनात मला सुटल्यासारखं झालं, वाटलं परवानगी मिळाली, चला. आपल्याकडं हे वाक्य रोज ऐकतो आपण, सोयरिकीत, वाटणीत, देण्याघेण्यात, आणि ज्याला सोयीचं असतं तो त्याचा अर्थ हो असा घेतो. आतल्या दारात सून उभी होती, हुक्केरीकडची, माहेर कन्नड, एरवी आमच्याशी मराठीतच बोलते. ती सासूकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "ब्याड री. तोरसब्याडरी." नको हो, दाखवू नका. कन्नडमध्ये का बोलली? मला वाटतं सासूनं पाहुण्यांपुढं जे शब्द तोंडाबाहेर काढले नाहीत ते तिनं तिच्या भाषेत काढले म्हणजे सासूचा शब्दही मोडला नाही आणि सांगायचं ते सांगूनही झालं. मावशींनी मान वर केली नाही. पण कात्री थांबली.

मग हळूहळू निघालं. खरंच कुणी काही बोललं नव्हतं. धमकी नाही, निरोप नाही. फक्त आमची हँडबिलं गावभर लागली त्या आठवड्यात छाट वाढली. एरवी हजारामागं मूठभर बाजूला पडायच्या, त्या आठवड्यात सलग तीन दिवस ढीग बाजूला, बोलणं नाही, नजर नाही, नुसती विड्यांची जुडी उचलून बाजूला ठेवायची. आणि पान दिलं ते भोकांचं, ज्यातून हजार निघणारच नाहीत. हँडबिलवर काय होतं? मावशींचे हात. आम्ही फिल्ममधला एक फोटो घेतला होता, नुसते हात, कात्री आणि पान, आम्हाला वाटलं चेहरा नाही म्हणजे काळजी नाही. ज्या माणसाच्या पुढ्यात ते हात वर्षानुवर्षं रोज सकाळी विड्या मोजून देतात त्याला चेहरा कशाला लागतो?

बाहेर आलो आणि गल्लीच्या तोंडाशी उभं राहूनच मी सगळ्यांना मेसेज टाकला, रविवारची फिल्म दाखवायची नाही. कुणाचा वाद नाही आला. पुढचे चारपाच तास आम्ही हँडबिलं गोळा करत फिरलो, बसस्टँड, चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सची दुकानं, दोन शाळांच्या भिंती, दोन हजार छापली होती त्यातली किती हाताला लागणार, पण भिंतीवरची तरी काढली. कंडक्टर मित्र सगळ्यात जास्त फिरला. एका टपरीवाल्यानं विचारलं काय झालं, रद्द का? तर आमच्यापुढं नवीनच पेच, कारण सांगितलं की ते कारणच मावशींच्या दारात जाऊन उभं राहणार. शेवटी एकच वाक्य ठरवलं, कार्यक्रमात बदल आहे, आणि सगळ्यांनी तेवढंच बोलायचं.

दोघा पोरांशी बोलणं सगळ्यात जड गेलं. मुंबईचा तर रात्रभर प्रवास करून आलेला. त्याला आधी राग आला, म्हणाला आठ महिने आम्ही त्यांच्या घरी जेवलोय, त्यांनी आम्हाला का नाही सांगितलं. इथला गप्प होता. मग तोच म्हणाला की आपल्याला नाही सांगितलं कारण आपल्याला वाईट वाटेल म्हणून. दोघांनी फिल्म मागं घेतली, आम्ही काढली असं नाही, हे लिहिलं पाहिजे कारण ते त्यांना सोपं नव्हतं, आपल्याच गावात पहिल्यांदा दाखवायचं स्वप्न होतं इथल्या पोराचं, आईला पुढं बसवणार होता.

राहिली चाळीस मिनिटं. यादीत असलेलं काहीतरीच लावता येणार, म्हणून शुक्रवारचीच 1982 ची फिल्म परत लावायची आणि नंतर गप्पा ठेवायच्या ठरलं. लोक नाराज होतील असं वाटलं होतं. रविवारी साठसत्तर बाया होत्या, बऱ्याच जणींनी शुक्रवारी ती बघितलेलीच. फिल्म संपली, दिवे लावले, मी माइक फिरवायला दिला, कुणीच बोलेना, माइक हातोहात पुढं जाऊन तसाच परत आला. मी काही बोलणार तेवढ्यात मधल्या रांगेतली चाळिशीची एक बाई उठली, माइक नकोच म्हणाली, मोठ्यानं बोलली: "माजी आय हुती वखारीत. तवा समद्या एका जाग्याला हुत्या, एकीला काय बोललं तर धा जणी हुब्या ऱ्हायच्या. आता ज्येच्या त्येच्या घरात. भांडायचं कुनासंग, भित्तीसंग?" कन्नड सांगणाऱ्या मुलीनं ते माइकवरून सांगितलं आणि मागच्या बाजूनं एक "हौद री", म्हणजे खरंय हो, आलं, मग दुसरं, आणि मग जे सुरू झालं ते नऊ वाजेपर्यंत थांबलं नाही. छाट, भोकाचं पान, पासबुक, डोळे, कंबर. एकीनंही कुठल्या ठेकेदाराचं नाव घेतलं नाही आणि एकीलाही घ्यावं लागलं नाही, सगळ्याजणी आमच्याकडं असं होतं एवढंच म्हणत होत्या. मावशी आल्या नव्हत्या. सून आली होती, अगदी मागं, भिंतीला टेकून उभी, शेवटपर्यंत.

त्या चाळिशीच्या बाईचं बोलणं मला अजून सोडत नाही. 1982 च्या फिल्ममध्ये बाया कॅमेऱ्यासमोर मालकाविरुद्ध बोलल्या, तोंड दाखवून बोलल्या, आणि आम्ही तीन वर्षं ती फिल्म दाखवून नवीन पोरांना सांगत आलो की बघा काय हिंमत होती. हिंमत होतीच. पण त्या बोलल्या तेव्हा त्यांच्या मागं युनियन उभी होती, एकीला काढलं तर वखार बंद पडेल एवढ्या बाया होत्या. आमच्या मावशींच्या मागं कोण होतं? एक सून आणि एक गोणपाटात गुंडाळलेलं पान. आम्ही दोघींकडून एकसारख्या हिंमतीची अपेक्षा केली. फॉर्मवर सही आहे का हे आम्ही तपासलं, सही करणारीच्या मागं कोण आहे हे बघितलं नाही, आणि जी माणसं रोज त्याच रस्त्यानं त्याच ठेकेदाराकडं जातात त्यांच्या बाबतीत हेच पहिलं बघायला पाहिजे.

नंतर काय झालं तेही सांगते. छाट महिनाभरानं पहिल्यासारखी झाली, पूर्ण नाही पण झाली. विडीवाल्या घरातल्या आमच्या दोघी मुलींनी रविवारच्या गप्पांतल्या पंधराएक जणींना धरून महिन्यातून एकदा बसायला सुरुवात केली, युनियन नाही म्हणायचं अजून, नुसतं बसतात, पासबुकं आणतात, कुणाच्या नावावर काय चढलंय ते बघतात. फिल्म बेंगळूरला आणि मुंबईला दाखवून झाली. आणि आम्ही आमचा स्वतःचा फॉर्म केला, मराठीत आणि कन्नडमध्ये, तो वाचून दाखवायचा, त्यात कुठं दाखवू नये असा रकाना आहे, आणि खाली ओळ आहे की दाखवायच्या आदल्या आठवड्यात परत विचारणार, आणि तेव्हा नको म्हटलं तरी चालेल. ज्या फिल्म इथल्याच माणसांवर आहेत त्यांचा फोटो हँडबिलवर नाही.

मावशींकडं तो रकाना भरायला गेले तेव्हा मला वाटलं होतं त्या म्हणतील बेळगाव जिल्हा नको, नाहीतर कर्नाटकात नको. तसं नाही. त्या एकेक गाव घेत गेल्या. कोल्हापूर? दावा. कागल? नगा. धारवाड? दावा. संकेश्वर? नगा, अजिबात नगा. गडहिंग्लज? जरा थांबल्या, मग नगा. मी विचारलं, कागल तर महाराष्ट्रात, तिथं तुम्हाला कोण ओळखतंय? तर म्हणाल्या, "त्येचं पान जातंय तितवर." ठेकेदाराचं पान जिथवर जातं तिथवर त्यांची हद्द. इथं सत्तर वर्षं होत आली आपण सीमेवर बोलतोय, 1956 पासून, महाजन आयोग झाला, 2004 ला केस सुप्रीम कोर्टात गेली, माझे आजोबा त्या मोर्च्यांत होते, मीही त्याच घरात वाढले. आणि या बाईच्या नकाशावर ती रेषाच नव्हती. दुसरीच होती, आणि ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

2026 च्या महोत्सवाआधी परत विचारलं. म्हणाल्या, पुढच्या वर्षी इचारा.

हे सगळं लिहून झाल्यावर त्यांच्या ओसरीवर बसून त्यांना वाचून दाखवलं, अर्धं सुनेला कन्नडमध्ये समजावत. दोन ठिकाणी थांबवलं. ठेकेदाराबद्दल एक गोष्ट होती ती काढायला सांगितली, काढली. गावांच्या नावात दोन बदला म्हणाल्या, बदलली. मग पानं गोणपाटात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, बांगड्यांचा रंग दुसरा लिवा. लिहिलाय.